खिडकीजवळची सीट

दुपारी सगळ्यांची जेवणं उरकली, ओटा पुसला की माझी गाडी सुटायची. मीना प्रभूंचं ‘तुर्कनामा’ हातात घेतलं की इस्तंबूल, ‘मेक्सिकोपर्व’ उघडलं की थेट मेक्सिको! वाचनालयाच्या वर्गणीत निम्मं जग पाहून झालं. पण लग्नाला बावीस वर्षं होऊनही वाईहून पाचगणीला मी एकटी कधी गेले नव्हते. घरात कुणाची बंदी नव्हती. ‘काम नसताना जायचं कशाला?’ हे मीच मला विचारायची.

मार्च २०२३मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. सासूबाईच म्हणाल्या, ‘‘अगं, ये की जाऊन. कुकर मी लावते.’’

पसरणीचा घाट चढताना खाली कृष्णाकाठचं आपलं गाव दिसलं. एवढंसं! त्यात माझं घर शोधत बसले. सापडलं नाही आणि का कोण जाणे, हसूच आलं.

संध्याकाळी सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, ‘‘आणखी काय पाहिलंस?’’ सांगता सांगता लक्षात आलं, त्याही मनानं घाट चढताहेत. त्यांची पंचाहत्तरी झालीय, त्यांना तर एसटीत तिकीटच पडत नाही. पुढच्या खेपेला खिडकीजवळची सीट त्यांची!

मैत्रिणींनो, तुमची गाडी कधी सुटतेय?