बाटल्याच्या पेटीत दिवा नको

माझी थोरली बहीण इंग्लंडात असते. करोनानंतर तिनं आणि भावजींनी जुनी कॅरव्हॅन घेतली. गाडीमागे ओढायची, दोन चाकांवरची, आत पलंगापासून मोरीपर्यंत सगळं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या शेवटी मी त्यांच्याबरोबर लेक डिस्ट्रिक्टला गेले होते. त्या दिवसांत तिथे पाचच्या सुमारासच अंधार पडतो. त्यात भुरभुर पाऊस. आणि नेमका पोह्यांना फोडणी घालताना गॅस संपला.

कॅरव्हॅनच्या नाकाडाशी, बाहेरच्या बाजूला, एक झाकणाची पेटी असते. गॅसचे बाटले त्यात. भावजींनी झाकण वर केलं मात्र, आत लख्ख उजेड पडला. "फ्रिजसारखं केलंय. झाकण उघडलं की दिवा आपोआप लागतो," ते कौतुकानं म्हणाले. एलईडीची पट्टी, बिजागरीपाशी छोटं बटण, बॅटरीकडे गेलेली वायर. सगळं घरी केलेलं. मलाही कौतुक वाटलं. वार्षिक तपासणीला आलेल्या मिस्त्रीला मात्र वाटलं नाही. त्यानं पेटी उघडली, बंद केली, आणि ही पट्टी निघाल्याशिवाय पुढच्या कशालाही हात लावणार नाही म्हणून सांगितलं. भावजी जरा दुखावले. बारा व्होल्टचा एवढासा दिवा, त्यात काय?

त्यात काय, हे कळायला आधी पेटीचा तळ बघावा लागतो. भावजींच्या पेटीच्या तळाला जाळीदार भोकं होती, त्यातून खालचं ओलं गवत दिसत होतं, आणि एका भोकाला बीचचं पिवळं पान चिकटून बसलं होतं. ही भोकं पाणी जायला नाहीत, गॅस जायला आहेत. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळलेला गॅस वर न जाता पाण्यासारखा खाली उतरतो आणि खोलगट जागी साचतो. म्हणून पेटी राहत्या खोलीपासून पूर्ण बंद, आणि खालून मात्र उघडी. गारठा येतो, उंदीर शिरतात म्हणून पुष्कळ लोक या भोकांवर हौसेनं रबरी मॅट अंथरतात. ते पान मी काढून टाकलं, पण मॅटवाल्यांचं काय करायचं?

भोकं बुजली आणि बाटल्याचा जोड किंचित सैल असला तर किती गॅस पुरतो, याचा हिशेब मी मांडून पाहिला. हवेत साधारण दोन टक्के प्रोपेन मिसळला की मिश्रण पेट घेऊ शकतं. साडेनऊ टक्क्यांच्या वर गेलं की पुन्हा पेटत नाही. पेटी चारशे लिटरची धरली तर दोन टक्के म्हणजे आठ लिटर वायू. द्रवरूपातला गॅस वायू होताना सुमारे २७० पट फुगतो. म्हणजे बाटल्यातला जेमतेम तीस मिलिलिटर द्रव, अर्धा कटिंग चहासुद्धा नाही. आणि ठिणगी? प्रोपेनला एका मिलिज्यूलचा पाव भाग पुरतो. थंडीत स्वेटर काढताना जी चुरचुर ऐकू येते, तिच्यात याहून जास्त ऊर्जा असू शकते.

आता भावजींचं बटण आठवा. दिव्याची पट्टी स्वतः फारशी तापत नाही, तिचा दोष थोडा. दोष बटणाचा, आणि घरी पिळून टेप लावलेल्या जोडाचा. वीज जोडताना-तोडताना दोन धातूंमध्ये बारीक ठिणगी उडते, आणि बारा व्होल्टची बॅटरी शॉर्ट झाली तर तिच्यातून शेकडो अँपिअर वाहू शकतात. त्यात हे बटण चालतं कधी? झाकण उघडण्याच्या क्षणी. रात्रभर बंद पेटीत गॅस साठला असेल, तर तो आत असण्याचा आणि ठिणगी पडण्याचा मुहूर्त एकच. फ्रिजची नक्कल करायला यापेक्षा वाईट जागा मला सुचत नाही. ब्रिटनच्या वीजजोडणीच्या मानकात, बीएस ७६७१ मध्ये, हे सरळच लिहिलंय: बाटल्यांच्या कप्प्यात विजेचं कुठलंही उपकरण किंवा वायरिंग नको, अपवाद मुख्यतः गॅसपुरवठा नियंत्रित करणाऱ्या अतिकमी व्होल्टेजच्या साधनांचा.

एवढीशी ठिणगी काय करणार, हा प्रश्न भावजींच्या आधी खाणवाल्यांना पडला होता. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंगहेनिदच्या कोळसाखाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार गेले. चौकशीत संशयितांमध्ये एक नाव निघालं ते इशाऱ्याच्या विजेच्या घंटीचं. दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवायच्या की घंटी वाजते, अशी ती बॅटरीवरची साधी घंटी. त्यानंतर अशा घंट्यांच्या ठिणग्यांवर संशोधन झालं आणि एक नवीच कल्पना रुजली: ठिणगी पडूच नये याची खात्री देता येत नसेल, तर ती पडली तरी वायू पेटणार नाही इतकीच ऊर्जा मंडलात ठेवायची. आज रिफायनरीत वापरतात त्या खास टॉर्चमागे हीच कल्पना आहे. युरोपात त्यांच्यावर षटकोनात 'ईएक्स' असा शिक्का असतो. आपल्याकडे अशा जागी वापरायच्या उपकरणांना मान्यता देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे.

पण मला सगळ्यात आवडलं ते जुन्या आरमाराचं उत्तर. पोर्ट्समथला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं 'व्हिक्टरी' जहाज जपून ठेवलंय. त्याच्या पोटात दारूचं कोठार आहे. तिथे बारूद भरायला उजेड तर हवा, आणि कंदील आत न्यायचा म्हणजे जहाजच जायचं. म्हणून शेजारी वेगळी 'दिव्याची खोली' केली आणि मधल्या भिंतीत काचा बसवल्या. कंदील पलीकडे, उजेड अलीकडे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या सुतारांना जे उमजलं होतं, ते आपण एलईडी स्वस्त झाल्याबरोबर विसरलो.

कॅरव्हॅनलाही तेच लागू. दिवा पेटीबाहेर हवा. भावजी आता कपाळावर बांधायची बत्ती वापरतात. ती दाराशीच, पेटीपासून लांब, चालू करायची आणि काम संपवून परत येईपर्यंत बंद करायची नाही. चालू करताना जी ठिणगी, तीच बंद करताना. दोन्ही हात मोकळे राहतात, हा वरचा फायदा. त्यांनी हौस म्हणून षटकोनी शिक्क्याची बत्ती घेतली. साध्या बत्तीनं लगेच काही होतं असं नाही, पण तोंडात धरलेला मोबाइल बाटल्यावर पडणं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय बाटल्याच्या चावीला आणि जोडाच्या नटाला त्यांनी उजेड परतवणारी पट्टी चिकटवली, सायकलच्या मडगार्डला असते तसली. त्या पट्टीला ना वायर लागते ना बटण, आणि अंधारात सगळं लखलखीत दिसतं. तिकडच्या लाल प्रोपेन बाटल्यांचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवलं की घट्ट होतात. दिसलं नाही तर घट्ट करण्याऐवजी सैल करून ठेवण्याची हमखास सोय.

आणि झाकण उघडण्याआधी आतलं सगळं बंद. शेगडी आपल्या लक्षात असते, फ्रिज नसतो. कॅरव्हॅनचा फ्रिज पुष्कळदा गॅसवरही चालतो, म्हणजे त्याच्या पाठीमागे ज्योत जळत असते. आग लावून गारवा करणारं यंत्र, हे मला अजून पचलेलं नाही. नवा बाटला जोडल्यावर जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं. काडी लावून बघणारे आजही भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, लांब उभी राहते.

हे सगळं इंग्लंडातलं, आपल्याला काय, असं वाटेल. पण २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. रस्त्यारस्त्यावर फूड ट्रक उभे आहेत, आणि त्यांच्या बाटल्यांच्या कप्प्यात कुणीतरी रंगीत एलईडी सोडलेली मी पाहिली आहे. तेव्हा सुट्टीला अशी गाडी भाड्यानं घेणार असाल तर गादी आणि एसी नंतर बघा. आधी बाटल्याची पेटी उघडायला लावा. आत बटण किंवा वायर दिसली तर गाडी नाकारा. आणि वाकून तळ बघा: भोकांमधून खालची जमीन दिसली पाहिजे.