हात तयार आहे, कागद नाही: शाळेतला संगीत शिक्षक
(लेखमाला: शिक्षण आणि रोजगार, भाग ११)

मागच्या आठवड्यात चित्रकला शिक्षकाच्या पदाबद्दल लिहिलं होतं. आज त्याच्या शेजारचं, पण मिळायला जास्त अवघड असलेलं पद: संगीत शिक्षक. चंद्रपूर-गडचिरोलीकडची कितीतरी मुलं हा प्रश्न मनात घेऊन फिरतात. पेटीवर हात आहे, गळा आहे, चार गावांत नाव आहे. मग शाळेत शिकवायची नोकरी का मिळू नये?

प्रश्न रास्त आहे. या मुलखात गाणं-वाजवणं शिकायला कुणी क्लास लावत नाही, ते घरातून आणि गावातून येतं. मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते तेव्हा वैनगंगेच्या काठावर खंजिरी आणि टाळ घुमतात. तुकडोजी महाराजांनी चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याच्या रानात साधना केली आणि खंजिरीवरचं भजन गावोगाव नेलं. १९४२च्या चिमूरच्या उठावामागे त्या भजनांची धग होती. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला आईच्या मांडीवर बसलेलं पोर आजही तिथेच ताल धरायला शिकतं. भामरागड-एटापल्लीकडची माडिया मुलं रेला गात, नाचत मोठी होतात. आणि दिवाळी उरकली की झाडीपट्टीचं नाटक उभं राहतं.

देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, हे त्या रंगभूमीचं ठाणं. दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत नाटक कंपन्या इथून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत जातात. कुठे मंडई असते, कुठे शंकरपट, आणि त्या रात्री नाटक, उजाडेपर्यंत. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. नटांची नावं पोस्टरवर मोठ्या अक्षरांत असतात. आज मात्र मंचाच्या पुढ्यात बसलेल्या ऑर्गनवाल्याकडे आणि तबलजीकडे बघू. गाणारीने ठरल्यापेक्षा वरच्या पट्टीत गाणं उचललं, तर पहिली ओळ संपायच्या आत ऑर्गनवाला तिची पट्टी पकडतो. नट वाक्य विसरला की हा पार्श्वसंगीत चार आवर्तनं लांबवतो आणि त्याला आठवायला उसंत देतो. समोरचं पब्लिक पेंगायला लागलं की तबलजीला ते नटाच्या आधी कळतं. हे सगळं कानावर चालतं, समोर एकही कागद नसतो.

या कामाचे पैसे प्रयोगागणिक मिळतात. हंगाम संपला की लग्नातली बँडपार्टी, मग मे महिन्यात तेंदूपत्ता, मग धानाची रोवणी. बारमाही पगाराच्या नोकरीची ओढ कुठून येते, ते वेगळं सांगायला नको.

आता शाळेत काय आहे ते पाहू. जिल्हा परिषदेच्या शाळेत संगीत शिक्षक असं स्वतंत्र पद नसतं. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात गायन, वादन, नृत्य सगळं आहे, वेळापत्रकात तासिकाही आहे. पण ती घ्यायची वर्गशिक्षकानेच. दोन शिक्षक आणि पाच वर्ग अशा शाळेत ती तासिका गणिताला किंवा कुठल्यातरी ऑनलाइन माहितीला जाते. त्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या अनुसूचीत कलेची तरतूद आहे, पण अटीसकट. सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून शंभराहून जास्त मुलं असतील, तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. ही अट शहरात सहज पुरी होते. एटापल्ली, धानोरा, कोरचीकडे वस्ती विरळ, गाव लहान, पट त्याहून लहान; तिथे तीन वर्गांत शंभर मुलं आणायची कुठून? म्हणजे ज्या गावात मुलं जन्मापासून तालात आहेत, नेमक्या त्याच गावाच्या शाळेला कला शिकवणारा माणूस कायद्याने नाकारला. जिथे अट पुरी होते तिथेही ‘कला’ म्हणजे बहुधा चित्रकला, आणि पद अंशकालीन, मानधनावरचं. खासगी अनुदानित माध्यमिक शाळांत पूर्वी संगीताची काही पदं होती. आता संचमान्यता पटावर ठरते, आणि पट घसरला की अशा विशेष शिक्षकावर पहिली कुऱ्हाड पडते.

कलेला पटसंख्येची अट लावणं मला साफ चूक वाटतं. एका केंद्रातल्या पाच-सहा शाळांना मिळून एक संगीत शिक्षक दिला, आठवड्यातला एकेक दिवस वाटून दिला, तरी काम होईल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा संकुलाची कल्पना आहे, तिच्यात कला-संगीताचे शिक्षक अनेक शाळांनी मिळून वापरावेत असंच म्हटलंय.

शिक्षक नसल्याने काय बिघडतं, ते कुठल्याही शाळेच्या परिपाठात ऐका. २०२३पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत आहे आणि शाळांत ते रोज म्हटलं जातं. एखादी धीट मुलगी तिला सुचेल त्या सुरात सुरुवात करते. सूर उंच लागला तर पुढची वरची ओळ आली की निम्मी पोरं गप्प होतात, उरलेली ओरडतात. आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटत असतो. ती लाजून ओठ हलवतात, आणि आपल्याला गाता येत नाही अशी समजूत करून घेतात. ती पुष्कळदा जन्मभर राहते. कळतं माणूस असेल तर तो आधी गाण्याची सगळ्यात वरची जागा बघेल, ती मुलांच्या आवाक्यात येईल असा षड्ज पेटीवर धरेल, मुलांना तो गुणगुणायला लावेल आणि मग गाणं सुरू करेल. दोन मिनिटांचं काम. वर्षभर रोज झालं तर सगळी शाळा सुरात येते.

मग पगारी, नियमित पदं कुठे आहेत? मुख्यतः केंद्राच्या शाळांत. आणि यातली एक मार्कंड्याच्या तालुक्यातच आहे: चामोर्शी तालुक्यातलं घोटचं जवाहर नवोदय विद्यालय. नवोदयात संगीत शिक्षकाचं पद असतं. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक शिक्षक (संगीत) असं पद असतं. आपल्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे भद्रावतीजवळच्या चांदा आयुध निर्माणीतलं विद्यालय. आदिवासी मुलांसाठीच्या एकलव्य निवासी शाळांतही संगीताचं पद आहे. त्या शाळा गडचिरोली जिल्ह्यात असल्याने आपल्या मुलांनी त्यांच्या जाहिराती डोळ्यांत तेल घालून बघाव्यात. अडचण एवढीच की ही भरती देशपातळीवर होते, नेमणूक कुठेही होऊ शकते, आणि घोटच्या किंवा अहेरीकडच्या शाळेत येणारा शिक्षक दूरच्या राज्यातला असू शकतो. तो आपल्या विषयात तयारच असणार, पण रेला आणि खडीगंमत त्याने ऐकलेली नसते. इथल्या मुलाने ही परीक्षा पास होणं मला त्यासाठीही महत्त्वाचं वाटतं.

या पदांना बी.एड. सहसा मागत नाहीत. संगीताचं शिक्षण मागतात, आणि ते कागदावर दाखवावं लागतं. केंद्रीय विद्यालयाला बारावीसोबत संगीताची पदवी लागते. नवोदयाच्या आजवरच्या नियमांत संगीताच्या पदवीबरोबर गांधर्व महाविद्यालयाची ‘संगीत विशारद’ किंवा खैरागडच्या विद्यापीठाची परीक्षाही धरलेली आहे. जाहिरात दर वेळी नीट वाचा, कारण विशारदला सगळीकडे पदवीच्या बरोबरीचं मानत नाहीत. केंद्रीय विद्यालयात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि मुलाखतही असते. प्रात्यक्षिकात आपली झाडीपट्टीची पोरं कुणाला ऐकणार नाहीत. ती अडकतात त्याच्या आधी.

हा कागद आला कुठून, तेही समजून घेण्यासारखं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाच्या किंवा बुवांच्या घरी राहायचं, त्यांची मर्जी सांभाळायची. पलुस्करांनी वर्ग, फी, अभ्यासक्रम, परीक्षा आणली, आणि गाणं शिकवणारी माणसं तयार करायला वेगळा उपदेशक वर्ग चालवला. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, बी. आर. देवधर ही त्यांचीच शिष्यमंडळी. त्यांनी पुढे शहरोशहरी शाळा उघडल्या. मध्यमवर्गातल्या मुलामुलींना संगीत शिकवून सन्मानाने पोट भरता येतं, ही वाट इथून रुळली. १९३१मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ झालं आणि त्याच्या परीक्षा गावोगाव पोचल्या.

या परीक्षांची शिडी अशी: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण. एकूण सात. त्यापुढे अलंकार. म्हणजे बारावीनंतर जाग आली तर हातात वेळ कमी उरतो. सहावी-सातवीत सुरुवात केली तर कॉलेज संपेपर्यंत विशारद हातात असते. वाटेत एक फायदाही आहे. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा पास झालेल्या आणि लोककलेत सहभाग असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. हे आपल्याकडच्या अनेक पालकांना ठाऊकच नसतं, आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत गेला नाही तर गुण बुडतात.

कानावर वाजवणाऱ्याची गाडी अडते ती लेखी पेपरात. त्रिताल त्याच्या हातात असतो, पण सोळा मात्रा चार भागांत मांडा, पहिलीवर सम आणि नवव्या मात्रेवर खाली दाखवा, याचीच दुगुन लिहा, असं म्हटलं की तो गोंधळतो. यमन त्याने शंभर गाण्यांत वाजवलेला असतो, पण थाट, आरोह-अवरोह, वादी-संवादी लिहायची वेळ आलेली नसते. ही अक्कल कमी असल्याची खूण मुळीच नाही. बोलता येणाऱ्या माणसाने लिहायला शिकावं, तसं हे आहे. आधीच बोलता येत असल्याने ते लवकर येतं. भातखंडे लिपीचं एखादं पुस्तक घ्यावं, रोज वाजवतो त्यातली एक चीज स्वरांत लिहून काढावी, मग वाजवून ताडून बघावी. झाडीपट्टीच्या हंगामात दिवस मोकळे असतात, तेव्हा हे जमतं.

पदवी घ्यायची असेल तर बी.ए.ला संगीत हा विषय विदर्भातल्या मोजक्या महाविद्यालयांत आहे. पण इथल्या मुलाने खैरागडचा विचार जरूर करावा. १९५६ साली स्थापन झालेलं इंदिरा कला संगीत विद्यापीठ तिथे आहे. राजनांदगावच्या पलीकडे छत्तीसगडात, आपल्याला पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. माध्यम हिंदी, आणि सीमेवरच्या आपल्या मुलांना हिंदी परकी नाही. पदव्युत्तर पदवीनंतर नेट-सेटची वाट असते, त्या परीक्षेत संगीत हा विषय आहे.

ज्यांचं शिकायचं वय निघून गेलंय त्यांचं काय? दंडारीतला ढोलकीवाला, खडीगंमतीतला शाहीर, पंचवीस वर्षं नाटकाला साथ करणारा तबलजी? त्यांना विशारद व्हा म्हणणं बरोबर नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्यांच्यासाठी एक दार आहे. स्थानिक कलांतल्या जाणकारांना शाळांनी निदेशक म्हणून बोलवावं, आणि सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना अशा कारागीर-कलावंतांकडे शिकावं, असं त्यात लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून अशा माणसाला बोलवावं आणि त्याचं मानधन ठरवून वेळेवर द्यावं. शाल-श्रीफळावर त्याची बोळवण करू नये. त्याचा तो रोजगार आहे.

तरुणांनी मात्र वयाकडे लक्ष ठेवावं. केंद्राच्या या पदांना वयाची अट साधारण तिशी-पस्तिशीची असते. अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गाला नियमाप्रमाणे सूट मिळते. वीस वर्षांचा ऑर्गनवाला आज प्रारंभिकेला बसला तर वेळ पुरेसा आहे. पण प्रत्येक हंगामाला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत गेला, तर प्रात्यक्षिकाच्या खोलीपर्यंत त्याला कुणी येऊच देणार नाही. गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात. जवळचं केंद्र कुठे आहे, ते चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या कुठल्याही संगीत वर्गात विचारलं तरी कळतं, आणि अर्ज परीक्षेच्या बराच आधी भरावा लागतो.