पऱ्हाटीपासून सदऱ्यापर्यंत

कोणत्या पिकाला कोणती माती मानवते आणि माणसं कपडे का घालतात, हे आज प्राथमिक शाळेतले दोन स्वतंत्र धडे आहेत. एका चाचणीत माती येते, दुसरीत कपडे. वर्ध्यात एके काळी हे दोन्ही मिळून एकच काम होतं.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेला सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि आशादेवी व आर्यनायकम या दांपत्याने सेवाग्राममध्ये ही ‘नई तालीम’ उभी केली. उद्योग निवडायला लांब जावं लागलं नाही. भोवती काळं रान आणि रानात कापूस.

या मातीतच केवढा तरी अभ्यास दडलेला आहे! काळा कातळ झिजून झालेली ही माती चिकण. पावसात फुगते, पायाला चिकटते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पाऊस परतला तरी पोटात ओल धरून ठेवते, म्हणून कोरडवाहू पऱ्हाटी दिवाळीनंतरही तग धरते. मग बोंड फुटतं, वेचणी होते, सरकी निघते, रुई पिंजायची, पेळू वळायचे आणि टकळीवर सूत. पेळू सैल झाला की धागा तुटतो. का तुटला, हे मुलाला बोटांनीच कळतं. सुताचे तार मोजता मोजता गणित होतं, कापूस कुठून कुठे गेला हे विचारता विचारता इतिहास-भूगोल.

हा प्रयोग फार पसरला नाही, त्याची कारणंही खरी होती. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेला अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी परिषदेतच विरोध केला होता. शिवाय ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातकामच वाट्याला आलं, त्यांना आपल्या मुलांच्या हाती लेखणी हवी होती. ही मागणी पूर्णपणे रास्त होती, असं मी मानतो.

१९६७ मध्ये बालभारती आली. स्वस्त, नेटकं पुस्तक वाडीवस्तीपर्यंत पोचलं, हे ऋण मोठं आहे. पण वर्गात त्या पुस्तकाचं पाठांतर झालं. काळी माती, कापूस. जांभी माती, आंबा-काजू. उन्हाळ्यात सुती, हिवाळ्यात लोकरी. उत्तरं बरोबर, गुण पूर्ण. पण लोकर ऊब ‘देते’ असंच मूल समजून चाललं. बर्फाचे दोन सारखे खडे घ्या, एक उघडा ठेवा, दुसरा घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळा. गुंडाळलेला उशिरा वितळतो. लोकरीत अडकलेली हवा उष्णतेला आत-बाहेर सहज जाऊ देत नाही, म्हणून तीच घोंगडी थंडीत आपल्या अंगाची ऊब राखते. हे एकदा पाहिलेलं मूल ते विसरत नाही.

कपड्यांच्या धड्यात आणखी एक मोठी गोष्ट राहून गेली. कपडे केवळ ऊन-थंडीसाठी नसतात. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केलं आणि जातीची खूण ठरलेली लुगडं नेसण्याची पद्धत सोडायला सांगितलं. कुणी काय नेसावं हे इतरांनी ठरवायचं नाही, हे त्यांनी नेसणीतूनच दाखवून दिलं. माणसं कपडे का घालतात, या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेलं हे फार मोलाचं उत्तर आहे. ते चौथीच्या मुलांनाही समजतं. त्यांना चिडवण्यातला अपमान चांगला ठाऊक असतो.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हातांच्या कामाला पुन्हा शिक्षणात जागा दिली. त्याच वर्षी सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा नव्याने सुरू झाली. तिथली मुलं शेती करतात, सूतही काततात. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका शेतकऱ्यांच्या घरी येऊ लागली. सामू, नत्र, स्फुरद, पालाश यांचे खरे आकडे आता मुलांच्या घरातच आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले.

त्यातले दोन दिवस कापसाला द्यावेत, असं मला मनापासून वाटतं. एक शेतात, दुसरा इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर. जी शाळा ज्याच्या जवळ, तिने तिथून सुरुवात करावी. गणवेशाच्या कॉलरमागची पट्टीही वाचायला लावावी. तिथे पॉलिएस्टर किती, सुती किती? मग हिशेब मांडावा. क्विंटलभर कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. क्विंटलला भाव काय मिळाला, वेचणीची मजुरी किती गेली, बियाणं-खत किती, आणि दुकानात सदरा केवढ्याला? यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या कितीतरी घरांत ही आकडेमोड दर हंगामात मुलांच्या कानावर पडतेच. ती फळ्यावर घ्यायला खडूपलीकडे काही लागत नाही.