छायाचित्रातील पार्श्वभूमी काढणे
छायाचित्रातील मुख्य विषय मागील दृश्यापासून वेगळा करण्याच्या प्रक्रियेला पार्श्वभूमी काढणे असे म्हणतात. फोटोशॉप, गिम्प यांसारख्या आज्ञावलींत ठळक कडांसाठी पाथ, तर केसांसारख्या बारीक तपशिलासाठी रंगाच्या चॅनेलवरून तयार केलेला मास्क वापरतात. मास्कमुळे मूळ पिक्सेल पुसले न जाता केवळ झाकले जातात; त्यामुळे निवड नंतरही सुधारता येते. विषय व पार्श्वभूमी यांच्या रंगात किंवा उजळपणात फरक कमी असल्यास निवड अवघड होते. उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मकबरा या वास्तूचा पांढरा घुमट निळ्या आकाशापासून सहज वेगळा होतो. आकाश पांढुरके असल्यास मात्र कडा हाताने आखावी लागते. तयार चित्र पीएनजी स्वरूपात साठवतात, कारण जेपीईजी स्वरूपात पारदर्शकता टिकत नाही.