बॅटमॅन मेला असता तर?

क्रिस्टोफर नोलन यांच्या बॅटमॅन-चित्रपटत्रयीचा अखेरचा भाग, 'द डार्क नाइट राइझेस', २०१२ सालीं निघाला. अणुबाँब समुद्रावर नेऊन नगर वाचविणारा ब्रूस वेन मेला असता तरच त्याचा त्याग खरा ठरता. त्यास फ्लॉरेन्सच्या उपाहारगृहांत जिवंत दाखविणें ही प्रेक्षकांची खुशामत होय, असा आक्षेप कित्येक रसिक घेतात. आम्हांस तो पटत नाहीं.

आरंभीं वेन आठ वर्षें वाड्यांत कोंडून घेतलेला, जगण्यास विटलेला असा आहे. जें नकोच आहे तें देऊन टाकण्यांत कसला त्याग? पुढें विहिरीसारख्या तुरुंगांतून (त्याचा बाहेरील देखावा आपल्या जोधपूरचा आहे!) तो दोर बांधून चढतो व पडतो. एका वृद्ध बंद्याच्या सांगण्यावरून दोर सोडतो, तेव्हां मरणाची भीति परत येते आणि उडी साधते. जगावेंसें वाटूं लागल्यावरच तो बाँब घेऊन निघतो.

विमानाचें स्वयंचालन त्यानें सहा महिन्यांपूर्वींच दुरुस्त केलें होतें, हें फॉक्सला मागाहून कळतें. तेव्हां ही सुटका ऐन वेळीं चिकटविलेली नव्हे. तुरुंगांतून तो गॉथमला परतला कसा, हें मात्र चित्रपट सांगत नाहीं. तेवढा आक्षेप रास्त आहे. पण त्याचा वाडा अनाथ मुलांस मिळतो, हें टीकाकार बहुधा विसरतातच.