साठ बुड्यांचा दिवस

पुनावळ्यातल्या लॉन्सवर लग्न म्हटले की पत्रिकेत मुहूर्त ६ वाजून ३२ मिनिटांचा. निम्मे वऱ्हाड हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले, माइकवर निवेदक पाव्हण्यांची नावे पदांसकट वाचतोय, आणि अक्षता पडतात सव्वासातला. पत्रिकेतल्या त्या वरच्या दोन मिनिटांचा हिशेब कुणीच मागत नाही. घड्याळे घरोघर येण्याआधी हा हिशेब ठेवणारी वस्तू लग्नघरातच मांडलेली असे. तिचे नाव घटिकापात्र.

तांब्याची पातळ वाटी, तळाला बारीक भोक. सूर्योदयाला, किंवा गोरज मुहूर्त असेल तर सूर्यास्ताला, जोशीबुवा ती पाण्याने भरलेल्या घंगाळात अलगद सोडत. भोकातून पाणी आत चढू लागते, वाटी हळूहळू खाली बसते, काठ पाण्याला लागला की एकदम डुबकन तळाशी. घटका भरली. म्हणजे आपली २४ मिनिटे झाली. वाटी उचलायची, रिकामी करायची, पुन्हा सोडायची, झालेल्या बुडीची खूण करून ठेवायची. अशा ६० घटका म्हणजे एक दिवसरात्र. एका घटकेची ६० पळे. शेजारी बसलेल्याला डुलकी लागली की काळ तिथेच थांबला. माझ्या मते वाटी हे अर्धेच यंत्र, उरलेले अर्धे तो जागा माणूस.

इजिप्तमध्ये प्रकार उलटा. कर्नाकच्या देवळात सापडलेले, तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातले, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचे अलाबास्टरचे भांडे भरायचे नाही, तर गळायचे. गळत्या भांड्याची अडचण अशी की पातळी उतरते तसा दाब कमी होतो आणि धार मंदावते. म्हणून त्याच्या भिंती तळाकडे निमुळत्या केलेल्या. अथेन्सच्या न्यायालयात अशाच गळत्या भांड्यावर पक्षकारांची भाषणे मोजत. (आपल्याकडच्या निवेदकांसाठी ही सोय परत आणायला हरकत नाही.) कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले भांडेही गळतेच. बुडती वाटी आपल्या ग्रंथांत त्यानंतरची. तिला आत पाणी ओढायला लावते ते तिचे स्वतःचेच वजन, आणि ते शेवटपर्यंत तेवढेच राहते, म्हणून पाणी बरेचसे एका चालीने चढते.

ही वाटी घडवायची कशी? जुन्या ज्योतिषग्रंथांनी मापे बांधून दिली होती: तांबे १० पळे वजनाचे (हे पळ वजनाचे माप, वेळेचे नव्हे), उंची ६ अंगुळे, तोंड १२ अंगुळे, आणि ठरावीक वजनाच्या सोन्याची चार अंगुळे लांब सुई जाईल एवढे भोक. तांबटाने हे तंतोतंत साधावे कसे? भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीत हा सगळा खटाटोप बाजूला सारला. ही मापे त्यांना ना तर्काची वाटली ना करायला सोपी. वाटी हवी तशी घ्या, भोक हवे तेवढे पाडा, म्हणाले. दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या आकड्याने दिवसरात्रीला भागा. ७२ वेळा बुडली तर एक बुडी २० मिनिटांची. संपला प्रश्न. भोसरी-चाकणच्या टूलरूममध्ये गेजवरच्या छापील मापावर न विसंबता तो आधी कॅलिब्रेशनला पाठवतात, विचार तोच.

गंमत म्हणजे घटिकापात्रासोबत भास्कराचार्यांचे नाव येते ते या युक्तीमुळे नव्हे, तर लीलावतीच्या गोष्टीमुळे. त्यांची मुलगी लीलावती वाकून वाटीत बघते, दागिन्यातला मोती निसटून भोकात अडकतो, वाटी बुडतच नाही, मुहूर्त टळतो. ही कथा भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथाच्या, अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात आहे. मूळ ग्रंथात तिचा मागमूस नाही. तरी ज्याने कुणी ती रचली त्याला हे यंत्र कुठे दगा देते ते पक्के ठाऊक होते. सूर्यसिद्धांत पाणी निर्मळ हवे असे बजावतो ते याच कारणाने. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या पुनावळ्यातल्या सोसायट्यांत ही अट पाळायची तर आधी पाणी गाळून घ्यावे लागेल.

 

भागाकाराची ती युक्ती एकदा करून सुटका मात्र होत नाही. गार पाणी किंचित घट्ट वाहते, बारीक भोकातून सावकाश चढते. तुळशीच्या लग्नानंतर थंडीत मोजलेली वाटी वैशाखातल्या मुहूर्तासाठी पुन्हा दिवसरात्र बसून मोजायला हवी.