थंडी कमी, तरी फूल काळं कसं?

हॉस्टेलात थंडी मोजायची आपली एककं ठरलेली आहेत. आंघोळ झाली तर थंडी नॉर्मल, नुसतं तोंड धुऊन लेक्चर गाठलं तर कडाक्याची! सेकंड इयरपर्यंत माझंही ज्ञान याच्या पुढे गेलं नव्हतं.

माझा रूममेट महाबळेश्वरजवळचा. घरी वीस गुंठे स्ट्रॉबेरी, आणि त्याची पुढच्या वर्षाची फी त्याच वीस गुंठ्यांवर. डिसेंबरातल्या एका सकाळी त्याच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोन आला. ओढ्याकडच्या वाफ्यांवर दव गोठलं होतं आणि उमललेली फुलं मधोमध काळी पडली होती. अशा फुलाला फळ धरत नाही. आबांनी फोन माझ्याकडं द्यायला सांगितला. "तुम्ही इंजिनेर लोकं, सांगा बघू. यंदा थंडी कमी म्हणून पेपरात वाचलं. मग ह्ये कसं झालं? अंदाज चुकला, का आमी चुकलो?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचलं, थोडं मोजलंही. ते इथे मांडतो.

आधी अंदाजाचं बघू. भारतीय हवामान विभाग हिवाळ्याच्या तोंडावर डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज देतो. त्यात अमुक रात्री अमुक तापमान असं काही नसतं. आजवरच्या हिवाळ्यांचे तीन सारखे ढीग करायचे : थंड, नेहमीसारखे आणि उबदार. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाची शक्यता ३३ टक्के. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार (ला निना) आहे की गरम (एल निनो), अशा गोष्टी बघून हे आकडे थोडे इकडे-तिकडे सरकतात. म्हणजे फासा एका बाजूला जड होतो, एवढंच. दान कुठलंही पडू शकतं. ला निना असला की थंडीची आशा वाढते म्हणतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ला निना होता, तरी २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या बाबतीत देशात १९०१ पासूनचा तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला!

दुसरं म्हणजे, हा अंदाज नव्वद रात्रींच्या सरासरीचा. सगळ्या विषयांची सरासरी ६५ टक्के आली तरी एम-थ्रीत केटी लागायची ती लागतेच. आबांचं फूल सरासरीनं मारलं नाही, एका रात्रीनं मारलं.

मग ती रात्र कशी ठरते? आपल्या सह्याद्रीत कडाक्याची थंडी येते ती उत्तरेकडून. पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की मागून थंड, कोरडे वारे खाली येतात. आधी निफाडचा पारा उतरतो, मग आपल्याकडं गारठा येतो. पण त्याच वेळी बंगालच्या उपसागरात काही शिजत असेल तर ढग येतात आणि थंडी गायब. ढग म्हणजे जमिनीवरची गोधडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता आकाशात सोडते, ढग त्यातली बरीचशी परत पाठवतात. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला की समजायचं, गोधडी ओढून नेली.

आता खरी गंमत. पेपरातला आकडा जमिनीवरचा नसतोच. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, साधारण चार फूट उंचीवर असतो. म्हणूनच महाबळेश्वरचा पारा पाच-सहा अंशांवर, पण वेण्णा तलावाकाठी गाडीच्या टपावर दव गोठलेलं, अशी बातमी येते. दोन्ही खरं असतं. आम्ही लॅबमधून दोन तापमापक मागून आणले. एक काठीला चार फुटांवर बांधून वर पुठ्ठ्याची टोपी घातली, दुसरा ग्राउंडच्या गवतावर ठेवला. पहाटे पाचला बघितलं, तर गवतावरचा साडेचार अंशांनी खाली! वॉचमनकाकांनी आम्हाला वेड्यात काढलं, ते वेगळं.

राहता राहिली जागा. उंच जावं तशी हवा गार होते, साधारण हजार मीटरला साडेसहा अंश, हे आपण पाठ केलेलं असतं. पण शांत, निरभ्र रात्री हा हिशेब उलटतो. गार हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी वाहत जाऊन खोलगट जागी साचते. पहाटे गाडीवरून पन्हाळ्याला गेलेल्यांनी आठवून बघा. शिवाजी पुलावर धुकं आणि दात वाजतायत, अन् वाघबीळ चढायला लागलं की अंगाला जरा ऊब! गुऱ्हाळाचा धूर वर न जाता पट्ट्यासारखा आडवा पसरलेला दिसतो, तोही याच कारणानं. खाली गार, वर उबदार हवेचं झाकण. वेण्णेचं आणि आबांच्या ओढ्याकाठच्या वाफ्यांचं तेच झालं. वरच्या अंगाचे वाफे शाबूत होते, हे आबांनी मागाहून सांगितलं.

मग अंदाज बिनकामाचा का? अजिबात नाही. मोसमाचा अंदाज बघून तयारी किती ठेवायची ते ठरवावं. चार-पाच दिवसांचा अंदाज बघून सावध व्हावं. आणि संध्याकाळी स्वतः बाहेर येऊन आकाश आणि वारा बघावा. चांदण्या लख्ख आणि पान हलत नसेल, तर खोलगट भागातले वाफे अंधार पडायच्या आत कापडानं झाकावेत. दुपारी जमीन ओली केलेली बरी, ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते.

पुढच्या हिवाळ्यात आबांनी तेच केलं. गोठवणारी रात्र आली, झाकलेले वाफे वाचले. कापड न पुरलेले दोन तेवढे गेले. फोनवर आबा एवढंच म्हणाले, "अंदाज बी खरा, आमी बी खरं. कापड तेवढं कमी पडलं बघ."

रूममेटची फी वेळेत भरली गेली. आणि पन्हाळ्याला निघणाऱ्यांनो, स्वेटर गडासाठी नाही, पुलासाठी घ्या!